पाण्याकडे धावणारी तीन मुले

कवितेवर लिहावे, नाटकावर लिहावे, गेला बाजार एखाद्या गवयाच्या मैफलीवर लिहावे. पण फोटोवर काय लिहायचे, असे आमच्या घरात आजही विचारले जाते. फोटो ही अल्बमात ठेवायची वस्तू. पाहुणे आले की काढायची, 'हा बघा चंदू, मुंजीतला' असे म्हणायचे आणि पुन्हा कपाटात ठेवून द्यायची. त्यात रसग्रहण कसले? मी पोटासाठी कारकुनी केली आणि जिवासाठी कॅमेरा बाळगला, त्याला आता पन्नासांहून अधिक वर्षे झाली. पण या प्रश्नाला समर्पक उत्तर मला कधी देता आले नाही. यंदा संपादकांनी 'आवडत्या छायाचित्रकारांविषयी लिहा' अशी गळ घातली, तेव्हा मनात आले की वाद घालण्यापेक्षा एका फोटोची हकीकत सांगावी. त्या फोटोने एका माणसाला छायाचित्रकार केले, त्या माणसाने पुढे आपल्याकडच्या कितीकांना नादी लावले, आणि त्या नादात माझेही थोडे नुकसान झाले.

फोटो साधा आहे. आफ्रिकेतल्या एका किनाऱ्यावरून तीन मुले पाण्याकडे धावत निघाली आहेत. त्यांची आपल्याकडे पाठ आहे, अंगावर चिंधीही नाही. काळीभोर शरीरे आणि समोर फुटणाऱ्या लाटेचा पांढरा फेस. हात कुठे, पाय कुठे, कोणाचा कोणता, हे प्रथमदर्शनी उमगत नाही. तीन मुलांचा मिळून एकच जीव पाण्यात उडी घेतो आहे असे वाटते. चेहरे दिसत नाहीत आणि तरी ती हसत आहेत याबद्दल शंका राहत नाही. पाठीवरून हसू दिसावे, ही काही लहानसहान गोष्ट नव्हे.

हा फोटो मार्टिन मुंकाची या हंगेरीत वाढलेल्या छायाचित्रकाराने १९३०च्या सुमारास काढला. मुंकाची मूळचा खेळांचे फोटो काढणारा. गोलकीपरची झेप, मोटारसायकलने उडवलेले पाणी, असल्या धावत्या गोष्टी पकडण्यात त्याचा हात बसलेला. पुढे तो बर्लिनच्या सचित्र साप्ताहिकांसाठी जगभर हिंडला, हिटलर आल्यावर १९३४ साली अमेरिकेत गेला, तेथे फॅशनच्या मासिकांत नाव आणि पैसा मिळवला, आणि १९६३ साली न्यूयॉर्कमध्ये फुटबॉलचा सामना पाहता पाहता गेला. मरतेवेळी जग त्याला बहुतेक विसरलेच होते. मौज अशी की एवढ्या धामधुमीच्या आयुष्यातून लोकांच्या लक्षात राहिली ती ही तीन मुले, आणि तीही दुसऱ्या एका माणसाच्या कृतज्ञतेमुळे.

तो दुसरा माणूस म्हणजे आँरी कार्तिये-ब्रेसाँ. १९०८ साली पॅरिसजवळ जन्मलेला, सुताच्या धाग्याचा मोठा कारखाना असलेल्या श्रीमंत घरातला हा मुलगा चित्रकार व्हायला निघाला होता. आंद्रे लोत या चित्रकाराकडे तो शिकला. चौकटीत आकार कसे बसवायचे याचे कडक गणित त्याने तेथे गिरवले. मग घर सोडून आफ्रिकेत गेला, तेथे तापाने मरता मरता वाचला आणि परत आला. अशा अर्धवट अवस्थेत त्याने एका फ्रेंच वार्षिकात मुंकाचीची ती तीन मुले पाहिली. म्हातारपणी तो सांगत असे की आपल्या आत ठिणगी टाकणारा फोटो हा एकच. कॅमेऱ्याने एका क्षणातून शाश्वताला हात घालता येतो हे त्या दिवशी कळले, आणि कॅमेरा घेऊन आपण रस्त्यावर आलो. १९३२ साली त्याने मार्से बंदरात लायका विकत घेतला. खिशात मावेल एवढा हा कॅमेरा. त्याच्या चकचकीत भागांवर त्याने काळी पट्टी चिकटवली, म्हणजे कोणाचे लक्ष जाऊ नये. मग तो गर्दीत मिसळला तो जवळजवळ चाळीस वर्षे.

आता मला कौतुक वाटते ते याचे. ज्या फोटोने तो इतका झपाटला, त्याची नक्कल त्याने केली नाही. एखाद्या तळ्याकाठी जाऊन मुलांना 'धावा रे' असे तो म्हणाला नाही. त्याच १९३२ सालचा त्याचा पॅरिसमधल्या स्टेशनामागचा फोटो घ्या. पावसाचे पाणी साचले आहे. पाण्यात आडव्या पडलेल्या शिडीवरून एका माणसाने उडी मारली आहे. टाच पाण्याला आता टेकेल, पण अजून टेकलेली नाही. खाली त्याचे प्रतिबिंब. मागे भिंतीवर एक जाहिरात, आणि तिच्यातली नर्तकी नेमकी तशीच तंगडी टाकून उडालेली. मुंकाचीच्या मुलांत सगळा जोष होता. येथे जोष आहे, गणित आहे आणि किंचित विनोदही आहे, कारण या सद्‌गृहस्थाचे बूट पुढच्या क्षणी भिजणार हे त्याच्याखेरीज सर्वांना कळले आहे. अशा या फोटोबद्दल त्याने स्वतः काय सांगावे? की कुंपणाच्या फळ्यांमधल्या फटीत भिंग कसेबसे गेले, डोळा लावायला जागाच नव्हती, पलीकडचे काही दिसत नव्हते, नशीब म्हणायचे! फोटोची कड कापणे म्हणजे पाप, असे मानणाऱ्या या माणसाला हा फोटो मात्र कापावा लागला, कारण फळीचा तुकडा मध्ये आला होता. थोरांच्या सोवळ्याला अशी एखादी ठिगळाची जागा सापडली की मला बरे वाटते.

त्याच मुंकाचीचा दुसरा भक्त रिचर्ड ॲव्हेडन. अमेरिकेतला हा नामांकित फॅशन-छायाचित्रकार मुलगा असतानाच मुंकाचीच्या फोटोंनी भारला होता, आणि १९५७ साली त्याने पॅरिसच्या चौकात एका तरुणीला फुटपाथवरून उडी मारताना टिपले, तेही उघडउघड मुंकाचीला वंदन म्हणून. फोटो फार देखणा आहे. पण मला तो शेजारणीचा हार मागून घेऊन लग्नाला गेलेल्या बाईसारखा वाटतो. हार शोभतो, यात वाद नाही. सगळ्यांचे लक्ष मात्र हाराकडे जाते.

कार्तिये-ब्रेसाँ आपल्या देशात आला तो १९४७ साली, स्वातंत्र्य नुकतेच मिळालेले असताना. त्याच वर्षी तो आणि त्याचे मित्र यांनी मिळून मॅग्नम ही छायाचित्रकारांची सहकारी संस्था काढली होती. मुंबईत त्याने परळच्या गिरणगावातले एक ज्योतिषाचे दुकान टिपले. कुरुक्षेत्रावरच्या छावणीतले निर्वासित टिपले. ३० जानेवारी १९४८ रोजी तो गांधीजींना भेटला, आपल्या फोटोंचे पुस्तक त्याने त्यांना दाखवले, आणि तो परतल्यावर थोड्याच वेळात गोळ्या झाडल्या गेल्या. त्या रात्री बिर्ला भवनाच्या फाटकावर चढून नेहरू लोकांना ती बातमी सांगत आहेत, असा त्याचा फोटो आहे. शाळेच्या परीक्षेत हा फोटो नापास होईल. दिव्याचा झोत भगभगला आहे, माणसे धुरकट आहेत, रेषा अशी कशाचीच नाही. लोतच्या शाळेतले सारे गणित त्या रात्री त्याने फाटकाबाहेर ठेवले होते. म्हणूनच त्या फोटोतून आजही ओक्साबोक्शी रडणे ऐकू येते. त्या संध्याकाळी प्रार्थनेला जाण्यासाठी निघालेल्या आणि वाटेतून परत फिरलेल्या होमाई व्यारावाला यांना तो फोटो हुकल्याची हुरहुर जन्मभर राहिली. मुंबईच्या जे. जे.मध्ये शिकलेल्या या पारशी बाई आपल्या देशातल्या पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार. त्यांच्यावर कोणीतरी स्वतंत्र लेख लिहायला हवा.

त्याच साली त्याने श्रीनगरच्या हरिपर्बतावर एक फोटो काढला. पहाटेची वेळ. टेकडीच्या उतारावर काही मुसलमान स्त्रिया पाठमोऱ्या, कोणी बसलेल्या, कोणी उभ्या. खाली दरी, पलीकडे डोंगर, आणि डोंगरामागून उगवणाऱ्या सूर्याकडे तोंड करून त्या प्रार्थना करीत आहेत. एकीने दोन्ही तळवे पुढे पसरले आहेत. मुंकाचीच्या फोटोशी या चित्राचे काय नाते, असे कोणी विचारील. तेथे धावपळ, येथे स्तब्धता. पण पुन्हा पाहा. येथेही चेहरे नाहीत, येथेही सारा भाव पाठीतून उमटतो, येथेही माणसे आपल्यापासून दूर, मोठ्या मोकळ्या जागेकडे तोंड करून आहेत. सोळा-सतरा वर्षांनी बी उगवले ते असे, झाड ओळखूही येऊ नये इतके निराळे.

१९५२ साली त्याचे मोठे पुस्तक निघाले. इंग्रजीत त्याचे नाव पडले 'निर्णायक क्षण' अशा अर्थाचे, आणि ते शब्द जगभर मंत्रासारखे घोकले गेले. मूळ फ्रेंच नाव अगदी वेगळे आहे. परवाना नसलेला फेरीवाला पथारी टाकून माल विकतो, म्युनिसिपालटीची गाडी दिसली की चादर गुंडाळून पळ काढतो, त्याच्या त्या लपतछपत, घाईघाईच्या धंद्याला फ्रेंचमध्ये जो शब्द आहे तो त्याने पुस्तकाला दिला होता. म्हणजे 'चोरीछुपे, लगबगीने काढलेली चित्रे'. दादरच्या पुलाखाली उभे राहिलेल्या कोणाही माणसाला हे नाव चटकन समजले असते. आम्ही मात्र इंग्रजी नाव वाचले आणि गंभीर झालो.

आम्ही म्हणजे मीच. कॉलेजात असताना एका मित्राच्या काकांकडे ते पुस्तक पाहिले आणि माझी झोप उडाली. तोवर वडिलांच्या आगफा क्लिक-थ्रीवर मी बारा-बारा फोटो काढीत असे, नातेवाइकांना ओळीने उभे करून. ते सारे मला एकाएकी गावंढळ वाटू लागले. पैसे साठवून जुना रशियन कॅमेरा घेतला, त्याला काळी पट्टी लावली आणि निर्णायक क्षणाच्या शोधात गिरगावभर हिंडू लागलो. पावसाळ्यात डबक्याशेजारी तास तास उभा राहिलो आहे, कोणी उडी मारील म्हणून. गिरगावातली माणसे उडी मारत नाहीत, वळसा घालून जातात. एकाने तर मला पाण्याच्या खात्यातला समजून नळाची तक्रार सांगितली होती.

१९७४ सालच्या नरकचतुर्दशीची पहाट. चाळीच्या गॅलरीत आई दारापुढे रांगोळी काढीत बसली होती. पणत्यांचा उजेड तिच्या हातावर, पलीकडे शेजारचा बंड्या फुलबाजी फिरवीत होता. फुलबाजीचे वर्तुळ आणि रांगोळीचे वर्तुळ एकाच चौकटीत यावे, आणि नेमक्या त्याच वेळी आईच्या चिमटीतून रांगोळी सुटावी, अशी माझी अपेक्षा. मी कोपऱ्यात दबा धरून बसलो. आईने दोनतीनदा विचारले, "झाले का रे?" मी हातानेच गप्प केले. 'माझ्याकडे बघू नकोस' अशी ताकीद आधीच दिलेली होती. बंड्याची फुलबाजी विझली, दुसरी पेटली, वर्तुळे काही जुळेनात. शेवटी रांगोळीत हळदकुंकू भरून, गुडघ्यावर हात टेकून आई उठली, आणि थेट माझ्याकडे बघून हसली. एवढे मोकळे हसली की काय सांगू. मी कॅमेरा खाली घेतला. माणूस भिंगाकडे बघतो आहे म्हणजे फोटो बिघडला, हा माझ्या गुरूचा नियम, असे माझे पक्के मत होते.

गुरूचा असा नियम नव्हता. हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. प्रख्यात शास्त्रज्ञ ज्योलियो-क्यूरी दांपत्याचा त्याने काढलेला फोटो पाहा. दोघे दारात उभी, अवघडलेली, हात हातात गुंफलेले. बेल वाजवली, दार उघडले, आणि नमस्कार करण्याआधीच त्याने फोटो काढला, शिष्टाचार मागाहून. पथारीवाल्याची लगबग म्हणतात ती हीच. आणि मी तासभर मुहूर्त धरून बसलो होतो! आई १९८१ साली गेली. ती हसताना दिसते असा घरात एकच फोटो आहे, तो माझ्या धाकट्या बहिणीने त्याच क्लिक-थ्रीने काढलेला. चौकट तिरकी, दाराच्या पडद्याने अर्धे डोके झाकलेले. भिंतीवर तो आहे. माझे निर्णायक क्षण ट्रंकेत आहेत.

कार्तिये-ब्रेसाँपासून खरोखर काही घेतलेल्या माणसांची कामे मी या घटनेनंतर अधिक बारकाईने पाहू लागलो. त्यांतला मला सर्वांत जवळचा वाटतो तो सुब्रत मित्र. सत्यजित राय यांनी 'पथेर पांचाली' करायला घेतला तेव्हा हा मुलगा अवघा एकवीस वर्षांचा, चित्रपटाचा कॅमेरा कधी न चालवलेला. त्याआधी फ्रेंच दिग्दर्शक ज्याँ रेन्वार कलकत्त्याला आपल्या चित्रपटाचे चित्रण करायला आला होता, तेथे हा नोंदी आणि आकृत्या करीत बसे. आणि हाच रेन्वार कार्तिये-ब्रेसाँचा जुना धनी; १९३०च्या दशकात त्याच्या हाताखाली ब्रेसाँने चित्रपटात उमेदवारी केलेली. राय आणि मित्र दोघेही ब्रेसाँचे भक्त. फ्लॅशचा भडका त्याला असभ्य वाटे, आहे त्या उजेडात तो फोटो काढी. या दोघांना चित्रपटात तोच उजेड हवा होता. 'अपराजितो'तले काशीचे घर आठवा, अंगणातून वरून झिरपणारा तो मऊ, सावली न पाडणारा प्रकाश. ते अंगण कलकत्त्याच्या स्टुडिओत उभारलेले. मित्रांनी वर पांढरे कापड ताणून बांधले, खालून त्यावर दिव्यांचा झोत टाकला आणि परतून आलेल्या उजेडात चित्रण केले. गुरू म्हणाला, कृत्रिम दिवा नको. शिष्याने गुरूवरच्या निष्ठेपोटी जगातला एक सुंदर कृत्रिम दिवा शोधून काढला! निष्ठा म्हणावी ती याला. १९८७ साली ब्रेसाँच्या भारतातल्या फोटोंचे पुस्तक निघाले, त्याची प्रस्तावना राय यांनी लिहिली, हे योग्यच झाले.

रघुबीर सिंग यांची तऱ्हा वेगळी. जयपूरला जन्मलेल्या या मुलाला शाळेत असताना घरातच ब्रेसाँचे जयपूरवरचे पुस्तक सापडले, आणि १९६६ साली प्रत्यक्ष ब्रेसाँला जयपुरात काम करताना त्याने पाहिले. एवढ्या पुण्याईवर एखादा जन्मभर पादुका पुजत बसला असता. सिंगांनी गुरूशी भांडण काढले. कृष्णधवल ही युरोपच्या उदासीची भाषा आहे, भारताचे डोळे रंगांतच उघडलेले आहेत, रंग काढून घेतला तर येथे पाहायचे काय उरते, असा त्यांचा दावा. मला हा दावा सगळाच पटत नाही. गिरगावातली पावसाळी दुपार माझ्या आठवणीत तरी कृष्णधवलच आहे. पण १९६७ साली बिहारमध्ये मोंघीरला त्यांनी काढलेला फोटो पाहिला की वादाची खुमखुमी जिरते. पावसात सापडलेल्या बायकांचा एक घोळका, भिजलेली लुगडी अंगाला चिकटलेली, सगळ्या एकमेकींना बिलगून उभ्या. हरिपर्बतावरच्या स्त्रियांच्या या बहिणीच म्हणायच्या. तेथल्या स्त्रिया आकाशाकडे हात पसरून आहेत, येथल्या आकाश अंगावर कोसळले म्हणून आकसल्या आहेत; आणि भिजल्याने गडद झालेला कापडाचा रंग काढून घेतला तर त्यांचे ओलेपणच निघून जाईल. मुंबईवरही सिंगांचे पुस्तक आहे, १९९४ सालचे. झवेरी बाजारातल्या पेढीच्या फोटोत दुकानाचा आतला आणि बाहेरचा व्यवहार एकाच चौकटीत असा बसवला आहे की गणित कोणाकडून शिकले हे लपत नाही. भांडण रंगाचे, चौकट मात्र गुरूघरची. ते १९९९ साली, साठीही न गाठता गेले.

रघु राय यांच्याबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्यांची कीर्ती घरोघर आहे. १९७१ साली पॅरिसमधले त्यांचे प्रदर्शन ब्रेसाँने पाहिले, आणि १९७७ साली मॅग्नमसाठी त्यांचे नाव सुचवले. पण त्यांचा १९९५ सालचा चर्चगेट स्टेशनचा फोटो गुरूच्या मंत्रावर सरळ बोळा फिरवतो. शटर मुद्दाम उघडे ठेवले आहे. गाडीतून उतरलेली माणसे वाहत चालली आहेत, त्यांचे चेहरे नाहीत, नुसता लोट आहे. आणि त्या लोटात वर्तमानपत्र वाचणारी काही माणसे तेवढी जागच्या जागी ठाम. निर्णायक क्षण कोणता? त्या फोटोत क्षण नावाची वस्तूच शिल्लक नाही. पण ८-५२च्या गाडीने पस्तीस वर्षे चर्चगेटला उतरलेल्या माझ्यासारख्याला ठाऊक आहे की ते स्टेशन असेच दिसते. त्या लोटात कुठेतरी मीही असेन, डबा सावरीत.

स्वतः ब्रेसाँने १९७०च्या दशकाच्या आरंभी कॅमेरा जवळजवळ बाजूला ठेवला आणि पेन्सिल घेऊन चित्रे काढू लागला. २००४ साली तो गेला तेव्हा शहाण्णव वर्षांचा व्हायला काही दिवस कमी होते.

हा लेख लिहिण्यासाठी पुस्तके काढून बसलो होतो, तेव्हा सात वर्षांची नात शेजारी येऊन बसली. तिने तीन मुलांचा फोटो पाहिला आणि विचारले, "ही पडणार आहेत का?" मी म्हटले, "नाही, पोहणार आहेत." हरिपर्बतावरच्या फोटोपाशी मात्र ती बराच वेळ थांबली.

"आजोबा, या बाईंच्या हातात काय आहे?"

"काही नाही. त्या प्रार्थना करताहेत."

"नाही, ढग आहेत," ती म्हणाली.

मी चष्मा पुसून पुन्हा पाहिले. पसरलेल्या तळव्यांच्या वरच पलीकडचे ढग आले आहेत. इतकी वर्षे तो फोटो पाहतो आहे, डोंगर मोजले, उतार मोजले, हे मी पाहिले नव्हते. तेवढ्यात तिने माझा मोबाइल उचलला, चार पावले मागे गेली आणि हुकूम सोडला, "आजोबा, इकडे बघा."

मी तिच्याकडे बघितले.